घरांतील प्रवाळसागर

मराठी घरांना पोवळें ठाऊक आहे तें अंगठींतलें. तें लाल पोवळें प्राचीन काळापासून भूमध्य समुद्रांतून येत आलेलें आहे, आणि त्याची परीक्षा सराफाच्या पेढीवर होते. उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत चुनखडीचे डोंगर रचणारीं प्रवाळें मात्र निराळ्या कुळांतलीं. त्यांतील पुष्कळांचा एकेक जीव मुगाच्या दाण्याहून मोठा नसतो. त्याच्या अंगांत डोळ्यांना न दिसणारीं शैवालें वस्तीला असतात; तीं दिवसा प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यांतील मोठा वांटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला, भाड्यादाखल देतात. असलीं जिवंत प्रवाळें आणि त्यांच्या आश्रयानें राहणारे मासे यांचा एक लहानसा समुद्र कांचेच्या टाकींत, घरच्या दिवाणखान्यांत, मांडतां येतो. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून कांचेआडचा समुद्री मासा मुंबईकरांच्या ओळखीचा झाला. परंतु सार्वजनिक मत्स्यालयाच्या दिमतीला नोकर असतात, यंत्रें असतात. घरीं तें सर्व एका हौशी गृहस्थाला, आणि त्याची हौस ओसरल्यावर बहुधा त्याच्या पत्नीला, करावें लागतें. तें कसें करावें, आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे त्यांत कोठें घाई करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या हौसेचा उगम लंडनमधला. तेथील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांचपात्रांत सोनेरी मासे, एक पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगायी एकत्र ठेवल्या. मासा कर्बवायु सोडतो तो वनस्पति घेते, वनस्पति प्राणवायु सोडते तो मासा घेतो, आणि कुजलेलें पान गोगलगाय खाऊन टाकते, असा जमाखर्च त्यानें जुळविला. पुढें फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले, १८५४ सालीं 'द अक्वेरियम' हें पुस्तक लिहिलें, आणि इंग्लंडांत घरोघरीं खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसूं लागल्या.

वॉरिंग्टनच्या जमाखर्चांत मात्र एक रक्कम राहून गेली होती. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून, उरलेल्या अन्नांतून, अमोनिया हें विष सतत पाण्यांत उतरत असतें. त्याचें काय होतें? या प्रश्नाचें उत्तर टाकींत मिळालें नाहीं, तें शेतांत मिळालें. जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट होतें तें सजीव जंतूंमुळें, असें १८७७ सालीं श्लोझिंग आणि म्यूंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें. हें काम दोन टप्प्यांत होतें, अमोनियाचें नायट्राइट करणारे जंतु वेगळे आणि नायट्राइटचें नायट्रेट करणारे वेगळे, असें ज्यानें पुढें दाखवून दिलें तो रॉदमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रांत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ त्याच वॉरिंग्टनचा मुलगा होता. नांवहि बापाचेंच, रॉबर्ट. बापाच्या कांचपात्रांत जें अदृश्यपणें चाललें होतें तें मुलानें मातींत ओळखलें. नवी टाकी सिद्ध करणें म्हणजे मुख्यतः या दोन जातींच्या जंतूंची वसाहत बसविणें होय. दुकानांत विकत मिळणाऱ्या बाकीच्या वस्तु तिच्या सोयीसाठीं आहेत.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळावयाचें. नवशिक्याला लहान टाकी सोपी वाटते. वस्तुतः ती अधिक अवघड. थोड्या पाण्यांत एक मासा मेला तर सर्वच पाणी बिघडतें. पुष्कळ पाण्यांत तो अपघात जिरून जातो. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच अशी टाकी घेतली तर तींत सुमारें २०० लिटर पाणी मावतें. कांच, दगड, वाळू आणि खालचें टेबल धरून तिचें वजन ३०० किलोच्या घरांत जातें. म्हणून ती भिंतीलगत, पक्क्या जमिनीवर आणि अगदीं सपाट बैठकीवर असावी. खिडकींतलें ऊन तिच्यावर पडूं देऊं नये. पाणी तापतें आणि शेवाळ माजतें.

पाणी कोठून आणावें? चौपाटीवरून घागरी भरून आणण्याची कल्पना मोहक आहे. पण शहराच्या किनाऱ्याचें पाणी म्हणजे शहराचें सांडपाणी मिसळलेला समुद्र, आणि तें टाकींत घालण्याजोगें नाहीं. खारें पाणी घरींच करावें लागतें. त्यासाठीं स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, आणि मिठागरांतलें जाडें मीठहि चालत नाहीं. याचें कारण ज्यांनीं कोंकणांतलीं वा भाईंदर-वसईकडचीं मिठागरें पाहिलीं आहेत त्यांच्या सहज ध्यानांत येईल. वाफ्यांत पाणी आटूं लागलें कीं कॅल्शियम आधींच जिप्समच्या रूपानें खालीं बसतें, मग मीठ धरतें, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. तें मीठ पुन्हा पाण्यांत विरघळविलें तरी समुद्र परत तयार होत नाहीं. प्रवाळाला तर नेमकें गळालेलें कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच हवें असतें. याकरितां सर्व क्षार योग्य प्रमाणांत असलेलें तयार समुद्री मीठ मिळतें तें घ्यावें. २०० लिटरला तें सुमारें ७ किलो लागतें. ज्या पाण्यांत तें विरघळवावयाचें तें मात्र जवळजवळ क्षारहीन हवें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, कधीं नळींतलें तांबें उतरलेलें असतें, आणि तांब्याचा अंशहि शिंपल्या-कोळंब्यांच्या जातीला मारक आहे. स्वयंपाकघरांतील शुद्धीकरण-यंत्राचें पाणी पिण्यास उत्तम, पण पुष्कळ यंत्रें त्यांत शेवटीं क्षार पुन्हा मिसळतात. तेव्हां मोजून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबूं नये. मीठ विरघळल्यावर पाण्याची विशिष्ट घनता १·०२५ च्या आसपास यावी आणि उष्णता २४ ते २७ अंश सेंटिग्रेडमध्यें राहावी.

दगडांची गोष्ट मनोरंजक आहे. १९६१ सालीं जकार्त्याच्या ली चिन एंग यानें एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति लिहिली. त्यानें किनाऱ्यावरचे सच्छिद्र दगड, त्यांवरील सर्व सूक्ष्म जीवांसह, टाकींत ठेवले आणि हवेच्या बुडबुड्यांखेरीज फारसें यंत्र वापरलें नाहीं. आणि जीं प्रवाळें इतरांच्या टाक्यांत मरत तीं त्याच्या टाकींत जगलीं. जंतूंची वसाहत त्या दगडांच्या छिद्राछिद्रांतून आधींच वसलेली होती. आजहि टाकीचा कणा म्हणजे असे दगडच. तथापि समुद्रांतून ते फोडून आणण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. कोरडे किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. त्यांवर वसाहत बसविण्यास कांहीं आठवडे अधिक लागतात, एवढेंच. दगड वाळूवर न ठेवतां टाकीच्या तळावर टेकवून रचावे, नाहीं तर वाळू उकरणारा एखादा मासा सगळी इमारत खालीं आणतो.

आणि मग टाकी रिकामी ठेवावी. पाणी खेळतें आहे, दिवा लागतो आहे, दगड दिसताहेत, आणि जीव एकहि नाहीं. घरांतील मुलें विचारतात, शेजारी विचारतात, आणि हौशी गृहस्थाचा धीर सुटतो तो येथेंच. पाण्यांत चिमूटभर माशांचें अन्न कुजूं द्यावें किंवा शुद्ध अमोनियाचें द्रावण इतकें घालावें कीं दहा लाख भागांत सुमारें २ भाग अमोनिया होईल. पुढें चाचणीच्या बाटल्यांनीं दर दोन-तीन दिवसांनीं पाणी तपासावें. पहिले कांहीं दिवस अमोनिया जागचा हलत नाहीं. मग तो उतरूं लागतो आणि नायट्राइट चढूं लागतें. त्यानंतर नायट्राइटहि उतरतें आणि नायट्रेट सांचतें. घातलेला अमोनिया एका दिवसांत नाहींसा होऊन नायट्राइटहि शून्य दिसलें, म्हणजे वसाहत बसली. यास बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. जंतूंची तयार बाटली ओतली तर काळ कमी होऊं शकतो. परंतु बाटलीवर काय छापलें आहे यापेक्षां चाचणी काय सांगते तें मानावें.

पूर्वी या काळांत एक-दोन चिवट, स्वस्त मासे सोडून देण्याची रीत होती. त्यांच्या विष्ठेनें जंतु वाढत. मासे जगले तर उत्तम, मेले तर दुसरे. ही रीत क्रूर होती आणि मूर्खपणाचीहि, कारण जगलेला मासा सगळ्या टाकीचा मालक होऊन बसे आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला झोडपून काढी. शिवाय समुद्राच्या पाण्यांत अमोनिया गोड्या पाण्यापेक्षां अधिक घातक ठरतो. हें पाणी अल्कधर्मी, त्याचा पीएच ८·१ ते ८·४. आणि अशा पाण्यांत अमोनियाचा मोठा अंश त्याच्या विषारी रूपांत राहतो. माशाचे कल्ले भाजून निघतात तें वरून दिसत नाहीं. दिसतो तो वेगानें श्वास घेणारा मासा, आणि दोन दिवसांनीं तरंगणारा.

वसाहत बसल्यावर टाकी सुंदर होत नाहीं. ती आधीं घाण होते. वाळूवर तपकिरी साय धरते, मग दगडांवर हिरवें शेवाळ येतें. नवखा घाबरून औषधें ओततो. त्याची जरुरी नसते. समुद्री गोगलगायी हे पहिले भाडेकरू आणावयाचे ते याच वेळीं. त्यांना अन्न आयतें मिळतें आणि शेवाळ आटोक्यांत येतें. पाण्यांत विरघळलेला मळ काढण्यासाठीं फेस काढणारें यंत्र लावतात. साखरेच्या पाकांत दूध घातल्यावर मळी वर येते ती झाऱ्यानें काढतात, कांहींसें तसेंच हें काम. खाऱ्या पाण्यांत बुडबुडे फार बारीक होतात, सेंद्रिय मळ त्यांना चिकटतो, आणि वरच्या पेल्यांत चहासारखें दुर्गंधी पाणी जमतें. तें पाहिल्यावर यंत्राच्या किमतीबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं.

रोज पाणी उडतें त्याबद्दल एक चूक नेहमीं होते. उडतें तें पाणी. मीठ टाकींतच राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या, क्षारहीन पाण्याची. जो खाऱ्या पाण्याची भर घालतो त्याचा समुद्र महिन्याभरांत लोणच्याच्या बरणीकडे वाटचाल करूं लागतो. उन्हाळ्यांत पाणी ३० अंशांवर गेलें तर प्रवाळ आपल्या अंगांतील शैवालांना बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें. पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठावर घातला तर दोन-तीन अंश उतरतात, त्याहून अधिक हवें तर शीतयंत्र. वीज गेली तर आधीं संपतो तो प्राणवायु. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरांत असावा, आणि तो चालतो कीं नाहीं हें वीज असतांना पाहून ठेवावें.

आतां जीव कोणते आणावे याचा विचार. येथें त्या दुसऱ्या बापलेकांची आठवण होते. फिलिप गॉसचा मुलगा एडमंड पुढें नामांकित साहित्यिक झाला. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्यानें लिहून ठेवलें आहे कीं लहानपणीं पाहिलेलीं किनाऱ्यावरचीं जीवांनीं भरलेलीं खडकांतलीं डबकीं आतां उजाड झालीं, आणि बापाच्याच पुस्तकांनीं तेथें संग्राहकांची झुंबड लोटली होती. बापाला त्याचें दुःख झालें होतें, असेंहि तो सांगतो. पुढें हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकांत सायनाइडचें पाणी खडकांत मारून, गुंगलेले मासे पकडण्याची पद्धत सुरू झाली. ती इंडोनेशियांतहि पसरली. त्या विषानें आजूबाजूचीं प्रवाळें मरतात, आणि असा मासा दुकानांत टवटवीत दिसला तरी कांहीं दिवसांत कारणावांचून मेल्यासारखा मरतो. ज्याच्या टाकींत तो मरतो तो स्वतःला दोष देतो आणि दुसरा घेऊन येतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरहि प्रवाळें आहेत. मालवणच्या समुद्रांत, सिंधुदुर्गाच्या परिसरांत तीं आढळतात. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य घोषित झालें. कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडित पठारहि प्रवाळांनी आच्छादलेला आहे. सुट्टींत तेथवर गेलेल्या माणसाला एखादा तुकडा खिशांत घालण्याचा मोह होतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक रचणारीं प्रवाळें आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघाला जें संरक्षण तेंच त्यांना. तुकडा उचलणें, विकणें, विकत घेणें हा गुन्हा आहे. त्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनें आंतरराष्ट्रीय करारांतील परदेशी जीव बाळगणाऱ्यांवरहि नोंदणीचें बंधन आलें. म्हणून भारतांतील गृहस्थानें कठीण प्रवाळ विकत घेण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी, आणि दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावर भिस्त ठेवूं नये.

माशांपैकीं पहिला मान नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशाला द्यावा. तो हल्लीं बंदिवासांतच पैदा होतो, समुद्रांतून पकडावा लागत नाहीं. त्याची एक गंमत आहे: सारीं पिलें प्रथम नर होतात आणि जोडींतील मोठा मासा पुढें मादी बनतो. त्यामुळें दोन लहान मासे आणले कीं जोडा जमविण्याची चिंता त्यांचीच. त्याचें घर म्हणून प्रसिद्ध असलेलें समुद्रपुष्प मात्र नव्या टाकींत आणूं नये. तें पाण्याच्या चढउतारानें मरतें, आणि मेलें तर सगळ्या टाकीला घेऊन जातें. त्याच्यावांचून विदूषकाचें अडत नाहीं. मँडारिन नांवाचा निळ्या-नारिंगी नक्षीचा मासा पाहून भल्याभल्यांचें मन चळतें. तो दगडांवरचे सूक्ष्म कवचधारी प्राणी दिवसभर टिपून खातो. कोवळ्या टाकींत ते नसतात, आणि तो सर्वांच्या देखत उपाशी मरतो. फुलपांखरी माशांच्या पुष्कळ जाती प्रवाळच खातात. शांत मासे आधीं, भांडखोर शेवटीं, आणि दोघांच्या येण्यामध्यें दोन-तीन आठवड्यांचें अंतर, म्हणजे जंतूंच्या वसाहतीला वाढत्या भाराशीं जुळवून घेतां येतें.

प्लेगच्या दिवसांपासून क्वारंटाइन हा शब्द मराठी घरांना शिकवावा लागत नाहीं. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकींत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा परोपजीवी तेथेंच तांब्याच्या औषधानें मारतां येतो. मुख्य टाकींत तांबें घातलें तर गोगलगायी आणि प्रवाळें मरतात. रोग एकदां मुख्य टाकींत शिरला तर सगळे मासे काढून ती दोन महिन्यांहून अधिक काळ माशांविना ठेवावी लागते, कारण त्याचे कोश दगडांवर दबा धरून बसतात.

प्रवाळें सर्वांत शेवटीं. प्रथम मऊ जातीचीं, चामड्यासारखीं किंवा अळंब्यासारखीं दिसणारीं, चुकांना क्षमा करणारीं. दिव्याचा प्रकाश आरंभीं मंद ठेवून आठवड्या-आठवड्यानें वाढवावा. येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. झोअँथिड नांवाच्या बटणांसारख्या रंगीत प्राण्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन हें अत्यंत जहाल विष असतें. ज्या दगडावर ते आहेत तो कधींहि उकळूं नये, गरम पाण्यानें धुऊं नये, ब्रशानें घासूं नये. त्या वाफेनें घरांतील माणसें रुग्णालयांत गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच त्यांना हात लावावा, आणि मुलांना लावूं देऊं नये.

कठीण प्रवाळें वर्षभर टिकलेल्या टाकींतच शोभतात. तीं पाण्यांतून कॅल्शियम ओढून घेतात. लिटरला सुमारें ४२० मिलिग्रॅमची पातळी राखावी लागते. त्यावर युरोपांतील हौशी लोकांनीं रूढ केलेला उपाय आजीबाईच्या बटव्यांतला वाटावा असा आहे: चुन्याची निवळी. शुद्ध चुना क्षारहीन पाण्यांत कालवून, गाळ बसल्यावर वरचें नितळ पाणी रात्रीं थेंबथेंब टाकींत सोडावयाचें. निवळी फार दाहक असते, म्हणून एकदम ओतूं नये. आणि पानाच्या डब्यांतला किंवा भिंतीचा चुना त्यासाठीं वापरूं नये.

टाकी जमली कीं प्रवाळें वाढतात आणि एकमेकांना डंख मारूं लागतात. मग तीं छाटावीं लागतात. मऊ प्रवाळाचा तुकडा धारदार पात्यानें कापून, लहान दगडाला बांधून ठेवला तर कांहीं दिवसांत जखम भरते आणि महिन्याभरांत त्याचें वेगळें झाड दिसूं लागतें. जाणते हौशी असा एक तुकडा नेहमीं दुसऱ्या कोणाच्या टाकींत ठेवायला देतात. एका घरीं वीज गेली, पंप बंद पडला, आणि सगळें संपलें, तरी तेंच प्रवाळ दुसऱ्या घरीं वाढत असतें, आणि त्याचा तुकडा परत मागतां येतो.